कॉलेज मध्येच सुटलं होतं, आता परत जायचंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर चौकशीच्या टेबलाशी बसते. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. प्रवेशाच्या दिवसांत सकाळी दहालाच रांग लागते आणि रांगेतले निम्मे लोक "मुलीसाठी विचारायचं होतं" अशी सुरुवात करतात. दोन मिनिटांत कळतं की मुलगी चौथीत आहे. मीही २०१५ साली याच टेबलापुढे उभी राहून "बहिणीसाठी विचारतेय" म्हणाले होते. माझं कॉलेज २००४ मध्ये एसवाय बीकॉमला सुटलं. अकरा वर्षांनी पुन्हा नाव घातलं आणि २०१८ ला पदवी मिळाली.

टेबलाशी येणाऱ्यांत काहींची खात्री असते की मागचं सगळं पाण्यात गेलं. काहींना वाटतं, आपली जागा कॉलेजने अजून राखून ठेवली असेल. दोघांनाही मी एकच सांगते, की मागचं किती शिल्लक आहे ते आधी मोजू, पुढचं मग ठरवू. खालची उत्तरं त्याच हिशेबाची आहेत. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघाच.

माझं वय ४१ आहे. या वयात प्रवेश देतात का?

देतात. बीए, बीकॉम, बीएस्सी या साध्या पदव्यांना वयाची वरची अट नसते. पॉलिटेक्निकला नाही, मुक्त विद्यापीठात तर नाहीच. डॉक्टर व्हायचं राहून गेलं म्हणणाऱ्यांसाठीही सांगते, नीट परीक्षेची कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकली आहे.

अडतं ते दुसरीकडे. जेईई मेनला वय बघत नाहीत, पण बारावी कधी झालात ते बघतात. त्याच वर्षी किंवा आधीच्या दोन वर्षांत झालेली असावी लागते, त्यामुळे आयआयटी आणि एनआयटीचा रस्ता जुन्या बारावीला बंद आहे. राज्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांची एमएचटी-सीईटी मात्र देता येते. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास खुल्या गटाला २५ वर्षांपर्यंतच मिळतो, म्हणजे चाळिशीत कॉलेजचं ओळखपत्र खिडकीत सरकवून उपयोग नाही. एसटीचं सोपं आहे. मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्याच गाड्यांना अर्धं तिकीट आहे, विद्यार्थी असा की नसा.

वर्गातली मुलं काकू म्हणतील. म्हणू द्या. परीक्षेच्या आधी तीच मुलं नोट्सच्या झेरॉक्स मागायला येतात, कारण वर्गात बसून पूर्ण लिहून घेणाऱ्या फक्त काकूच असतात.

सुरुवात कुठून करू? कॉलेजात जाऊ की ऑनलाइन बघू?

आधी घरातली कपाटं बघा. पिशवी, ट्रंक, माळ्यावरची सूटकेस, लग्नात माहेरून आलेली फाइल. दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजच्या प्रत्येक वर्षाची किंवा सेमिस्टरची मार्कशीट, आणि असेल तर परीक्षेचं हॉल तिकीट. या कागदांवर कुठेतरी तुमचा पीआरएन असतो, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक. तो हाती लागला की अर्धं काम झालं. पीआरएन सांगितला तर परीक्षा विभागातला माणूस दोन मिनिटांत स्थिती सांगतो. नाव आणि साल सांगितलंत तर "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो.

दहावी-बारावीची मार्कशीट हरवली असेल तर राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयातून दुसरी प्रत मिळते. आम्हा सातारकरांचं विभागीय मंडळ कोल्हापूरला. पदवीच्या वर्षांची मार्कशीट विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निघते. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून ठेवा, बहुतेक ठिकाणी ती लागते.

कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, पुष्कळ जणांनी घेतलेलाच नसतो, कारण सोडतोय असं म्हणून कुणी सोडत नाही. लग्न ठरतं, वडील आजारी पडतात, फी भरायची तारीख निघून जाते. तुमचा दाखला अजून त्या कॉलेजात पडून आहे. अर्ज करा आणि घ्या. माझ्या वेळी कॉलेजच्या क्लार्कने जनरल रजिस्टर शोधायला तीन हेलपाटे घालायला लावले. रजिस्टर सापडलं तेव्हा त्याच्या पानांचा खालचा दोन बोटं रुंदीचा भाग पुराच्या पाण्याने फुगलेला होता, आणि माझं नाव नेमकं त्या फुगलेल्या भागात. क्लार्कने खिडकीशी नेऊन पान तिरपं धरलं तेव्हा जन्मतारीख वाचता आली. त्या दिवशी बारावीची मार्कशीट बरोबर होती म्हणून ताळा जमला. नसती तर चौथा हेलपाटा होता.

आणखी एक. मार्कशीटला लॅमिनेशन करू नका. जपण्याच्या भरात लोक करतात आणि पुढे साक्षांकनाच्या वेळी तोच कागद परत येतो.

मी एफवाय पास आहे, एसवाय सोडलं. ते एक वर्ष धरतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि एका शब्दात याचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी किती वर्षं झाली ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदवी जितक्या वर्षांची, तिच्यावर आणखी दोन वर्षं मिळतात. अपवाद म्हणून तिसरंही. म्हणजे तीन वर्षांच्या बीकॉमला पाच, फार तर सहा. तुमची पहिली नोंदणी या मुदतीत असेल तर जुन्याच कॉलेजात एसवायला जाऊन बसण्याची शक्यता चांगली आहे. प्राचार्यांच्या नावाने अर्ज करा, सोबत एफवायची मार्कशीट जोडा.

मुदत संपली नसली तरी दुसरं कोडं असतं ते अभ्यासक्रमाचं. मुलं त्याला पॅटर्न म्हणतात. पुण्याच्या विद्यापीठाचं बीकॉम घ्या. २०१३ चा पॅटर्न, मग २०१९ चा, मग नव्या शैक्षणिक धोरणाचा २०२४ चा. तुम्ही एका पॅटर्नमध्ये एफवाय केलंत आणि एसवाय दुसऱ्यात करायचं म्हटलं की विषय जुळवावे लागतात. कोणत्या जुन्या विषयाला कोणता नवा विषय समकक्ष, याची यादी विद्यापीठ काढतं. त्या यादीत तुमचा विषय नसला तर तो नव्याने द्यायचा. कॉलेजच्या ऑफिसात "समकक्षतेचं परिपत्रक दाखवा" असं म्हणा. हा शब्द ऐकला की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, हा माझा अनुभव.

दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर खरं सांगते, ते वर्ष पुढे नेता येईल असं धरून चालू नका. माझं एफवाय धरलं गेलं नाही. पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली आणि त्या संध्याकाळी मी भाकरी थापता थापता रडले. तरी मागचं सगळंच बुडालं नव्हतं. मधली अकरा वर्षं मी सासऱ्यांच्या खतांच्या दुकानाची वही लिहीत होते. अकाउंटन्सीचा पहिला गृहपाठ सोडवायला बसले आणि ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळला. २००३ मध्ये तो मला एकदाही जुळला नव्हता.

टीवायचे दोनच विषय राहिलेत, तेही १२ वर्षांपूर्वीचे. ते देता येतील का?

मुदत संपलेल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठं अधूनमधून "विशेष संधी" जाहीर करतात. त्यात फक्त राहिलेले विषय द्यायचे असतात आणि त्याची फी नेहमीपेक्षा जास्त असते. अडचण एवढीच, की असं परिपत्रक निघतं तेव्हा ते कुणी तुमच्या घरी आणून देत नाही. परीक्षा विभागाला लेखी अर्ज देऊन ठेवा, पोच घ्या, आणि दर सहा महिन्यांनी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षेची परिपत्रकं चाळत जा. कॉलेजच्या ऑफिसात ओळखीचं कुणी असेल तर त्यांना सांगून ठेवणं जास्त उपयोगी.

दोन विषयांसाठी पुन्हा तीन वर्षं घालवू नका, निदान आधी हे सगळं करून बघेपर्यंत.

आत्ता कॉलेजात आहे, पण घरच्या अडचणीमुळे एक-दोन वर्षं थांबावं लागणार. काय केलं म्हणजे नंतर त्रास होणार नाही?

तुम्ही सोडण्याआधी विचारताय, हे फार बरं केलंत.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं धोरण लागू झालं. स्वायत्त कॉलेजांत ते एक वर्ष आधीच आलं होतं. त्यात मधल्या टप्प्यावर बाहेर पडायची रीतसर सोय आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. त्यासाठी त्या वर्षाचे सगळे क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर जमा होणारे श्रेयांक, मिळालेले हवेत, आणि प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडताना चार क्रेडिटचा एखादा व्यवसाय-कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप जास्तीची करावी लागते. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत यायचं आणि पदवी एकूण सात वर्षांत संपवायची.

तुमचे क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये. तिचं खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि अपार क्रमांकाशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या बारा आकडी ओळख क्रमांकाशी, जोडलेलं असतं. बाहेर पडण्याआधी त्या खात्यात आपले क्रेडिट खरंच दिसतायत का ते स्वतः उघडून बघा. कॉलेजने पाठवलेच नसतील तर आत्ता सांगायला तुम्ही तिथे आहात. तीन वर्षांनी तो क्लार्कही बदललेला असेल.

वर्षाच्या मध्येच जावं लागलं तर निदान सेमिस्टरची परीक्षा देऊन जा. नापास झालात तरी एटीकेटी म्हणून पुढे काही हाती राहतं. परीक्षेलाच न बसणारा माणूस कागदोपत्री कुठेच नसतो. आणि प्राचार्यांना कारण लिहून अर्ज द्या. त्याची शिक्क्याची पोच पुढे गॅपच्या वेळी कामाला येते.

माझी बारावीच झालेली नाही. डायरेक्ट पदवीला बसता येईल का?

आधी बारावी करून घ्या. बारावीवाचून पदवी मिळवून देतो म्हणणारे भेटतात, पण पुढे सरकारी नोकरीत कागद तपासले गेले की ती पदवी अंगावर येते.

कॉलेजात न जाता बारावी करायला राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म आहे. खासगी विद्यार्थी म्हणून तो भरायचा. फॉर्म पावसाळ्यात सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. पण बारावीला बसून नापास झाला असाल तर १७ नंबर तुमच्यासाठी नाही. तुम्ही पुनर्परीक्षार्थी, जुन्या कॉलेजातूनच फॉर्म भरायचा आणि राहिलेलेच विषय द्यायचे. जुलैमध्ये पुरवणी परीक्षाही असते.

दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, वर्षातून दोनदा परीक्षा असते आणि आधी पास झालेल्या दोन विषयांपर्यंत गुण पुढे नेता येतात. ज्यांना एका दमात सगळे विषय झेपत नाहीत त्यांना मी हीच वाट सुचवते. गेल्या वर्षी एक रिक्षावाले दादा दर खेपेला दोन-दोन विषय देत बारावी झाले. मार्कशीट दाखवायला रिक्षा थेट केंद्राच्या पायरीला लावली.

मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते का? लोक म्हणतात तिला किंमत नसते.

हे लोक कोण, ते मला अजून भेटायचे आहेत.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झालं, ते राज्य विधिमंडळाच्या कायद्याने. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीद. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं, संसदेच्या कायद्याने झालेलं. अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष धरल्या जातात. या पदवीवर एमपीएससी देता येते आणि पदव्युत्तर प्रवेशही होतो. मुंबई विद्यापीठाचं आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही आहे, तोही पर्याय बघा.

मग सावध कुठे राहायचं? एक तर विषयाबाबत. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेतकी असे कोर्स दूरशिक्षणाने चालत नाहीत. कुणी "घरबसल्या बीटेक" विकत असेल तर तिथून निघा. दुसरं, विद्यापीठाला मान्यता आहे पण तुम्हाला हवा असलेला नेमका कोर्स, नेमक्या त्या वर्षासाठी मंजूर आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघा. तिथे विद्यार्थ्यालाही डेब आयडी, म्हणजे या विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला तो सक्तीचा आहे आणि तो तुमच्या क्रेडिट बँकेच्या खात्याशी जोडला जातो. हा आयडी न मागता कुणी प्रवेश देत असेल तर प्रवेश खराच झालाय का, असा संशय घ्या.

आणि एजंट. आमच्या बसस्टँडच्या खांबावर दर जूनमध्ये फलक लागतो, "एका वर्षात पदवी, मागील तारखेने". त्याला पैसे देऊन झाल्यावर माझ्या टेबलाशी येणारे दर वर्षी असतातच. त्यांना मी काय सांगणार? मागील तारखेची पदवी कुणीही कायदेशीरपणे देऊ शकत नाही. फी फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून भरा आणि पावतीवर विद्यापीठाचं नाव बघा.

नोकरी सांभाळून रोज कॉलेजला जाणं जमेल का?

नियमित कॉलेजात ७५ टक्के हजेरी मागतात. पूर्ण वेळची नोकरी असेल तर ते अवघड आहे, आणि "सर सांभाळून घेतील" यावर तीन वर्षांचं नियोजन करू नये. सकाळचं कॉलेज जवळ असेल तर मात्र आधी तेच बघा. ही सोय आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणूनच. शहरांत अजूनही सकाळची आणि रात्रीची कॉलेजं आहेत. तालुक्याला ती नाहीत, म्हणून आमच्या केंद्रावर गर्दी.

मुक्त विद्यापीठात पुस्तकं मराठीतून मिळतात, रविवारी संपर्क सत्रं होतात, गृहपाठ लिहून द्यायचे आणि मग परीक्षा. सत्रांना येणं सक्तीचं नाही असं ऐकून पुष्कळ जण येतच नाहीत. या. गृहपाठ कुणाचे अडलेत, फॉर्मची तारीख कधी, हे तिथेच कळतं. सरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी खात्याची परवानगी घ्या.

गॅप सर्टिफिकेट कुठून आणायचं?

ते कुणी "देत" नाही, ते तुम्हीच लिहून द्यायचं असतं. "मी अमुक साली अमुक परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर अमुक ते अमुक या काळात घरगुती कारणामुळे शिक्षण घेऊ शकले नाही. या काळात अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही." एवढाच मजकूर. काही कॉलेजांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र पुरतं, काहींना नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र लागतं. स्टॅम्प पेपरला पैसे घालवण्याआधी ऑफिसात विचारा. आणि कारण खरं लिहा. लोक "आजारपण" लिहितात, मग वैद्यकीय दाखला मागितला की पंचाईत होते.

लग्नानंतर नाव बदललंय. मार्कशीट माहेरच्या नावावर आहेत.

दोन रस्ते आहेत. माहेरच्याच नावाने पदवी घ्यायची असेल तर काहीच करू नका, फक्त आधार कार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडा. सासरच्या नावाने हवी असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि मगच अर्ज भरा. अर्धं तसं अर्धं असं केलं की पुढे नोकरीत, पासपोर्टला, प्रत्येक ठिकाणी त्या दोन नावांची एक बाई असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. मी माहेरचं नाव ठेवलं. पदवीदान समारंभात ते पुकारलं तेव्हा आमच्या ह्यांना क्षणभर कळलंच नाही की उठून गेलं ते कोण.

फी आणि शिष्यवृत्तीचं काय?

महाडीबीटीच्या संकेतस्थळावर सगळ्या योजना एका जागी आहेत. गॅपवाल्यांनी एक अट बघावी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कोर्स चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. म्हणजे कोर्स सुरू होण्याआधीचा खंड आणि मधला खंड, या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं "मला गॅप आहे" म्हणून हातचं सोडू नका, कुठला गॅप ते बघा.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. साध्या बीए-बीकॉमला हा निर्णय लागत नाही, आणि तो वर्तमानपत्रात वाचून आलेल्या बायकांना हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून नवा काढा. नॉन-क्रीमी लेयरची मुदत बघा. हे दोन्ही जूनमध्ये काढायला गेलात तर सेतू केंद्रावर अख्खा तालुका भेटेल, म्हणून एप्रिलमध्येच जा.

इतक्या वर्षांनी अभ्यास डोक्यात शिरेल का?

डोक्यात शिरतो. आधी हात दगा देतो, हे कुणी सांगत नाही.

पहिल्या परीक्षेत दीड तासाने माझी बोटं आखडली. येत असलेला प्रश्न समोर होता आणि पेन धरवत नव्हतं. अकरा वर्षांत मी एका वेळी अर्ध्या पानाच्या वर काही लिहिलंच नव्हतं. दुकानाच्या वहीत आकडे असतात, वाक्यं नसतात. पुढच्या वर्षी डिसेंबरपासून रोज पहाटे, दूध तापेपर्यंत एक पान लिहायचं असं ठरवलं. नंतर दोन पानं, मग कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. मार्चपासून दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण तीन तास. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदाच पुरवणी मागितली.

इंग्रजीची भीती असेल तर मराठी माध्यम घ्या, त्यात कमीपणा नाही. पण संज्ञा इंग्रजीतूनही पाठ करा. "घसारा" कळला तरी ऑफिसात सगळे डेप्रिसिएशनच म्हणतात.

सासूबाईंना कसं सांगू?

फी भरल्यावर सांगा.

थट्टा सोडा. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं, तिथे प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालत. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि दर पिढीत कुणी ना कुणी तो विचारत आलंय. माझ्या सासूबाई पहिलं वर्षभर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या दिवशी उठून बघते तर डबा भरून ओट्यावर ठेवलेला. त्यावर आमचं आजवर बोलणं झालेलं नाही.

मुलाखतीत गॅपबद्दल विचारलं तर?

एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. "वडिलांच्या आजारपणात घर चालवलं, मग पदवी पूर्ण केली." लांबण लावली की समोरच्याला शंका येते.

प्रवेशाला येताना काय आणू?

मूळ कागदपत्रं, त्यांच्या प्रत्येकी दोन झेरॉक्स, आधार, फोटो, जातीचा दाखला असेल तर तो. आणि आधारला जोडलेला मोबाइल. नंबर पाठ असून भागत नाही, फोन बरोबर हवा. डिजिलॉकर, अपार, डेब आयडी, सगळीकडे ओटीपी येतो. गेल्या जुलैत एक ताई सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून आल्या होत्या, एकही कमी नव्हता. आधारला नंबर मात्र नवऱ्याचा, आणि ते शिरवळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, फोन गेटवर जमा. पाळी तीनला सुटते. ताई साडेदहापासून टेबलाशेजारच्या बाकावर बसून राहिल्या, डबा तिथेच खाल्ला. तीन वाजून सात मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला, त्यांनी आकडे वाचून दाखवले आणि मी टाइप केले. पहिल्या वेळी एक आकडा चुकला. दुसऱ्या वेळी झालं.